जर्मनीला जायचं तर गिंडीमार्गे

मैलापूरला देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत एक छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, संगीत सभांच्या कार्यक्रमांचे कागद असलं किरकोळ काम तिथे चाले. १९५९च्या सुमारास मालकानं एक जर्मन यंत्र आणलं. त्या यंत्राला दोन हात होते. एक हात कोरा कागद उचलून आत ठेवी, तोवर दुसरा छापलेला कागद बाहेर काढी, आणि दोघं कधी एकमेकांना आपटत नसत. शाळा सुटली की वेंकोबा खिडकीचे गज धरून ते बघत उभा राही. बाकीची मुलं क्रिकेटला पळालेली असत.

वेंकोबा तंजावरच्या मराठी घरातला. वडील कृष्णस्वामी राव रेल्वेच्या हिशेबखात्यात कारकून, आई चंद्रिका घर सांभाळणारी. वेंकोबा एकुलता एक. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ आणि शाळेत इंग्रजी, असा त्याचा दिवस तीन भाषांत जाई आणि त्यात काही विशेष आहे असं त्याला कधी वाटलं नाही.

शाळेच्या शेवटच्या वर्षाला होता तेव्हाची गोष्ट. विज्ञानाचे मास्तर राजगोपाल यांनी त्याच्या वहीच्या मागच्या पानावर त्या यंत्राचं चित्र पाहिलं. चाकं, दांडे, कुठला भाग कुठे फिरतो त्याचे बाण, सगळं होतं. वेंकोबाला वाटलं, आता कान उपटणार.

"हे कुठे बनतं ठाऊक आहे?" मास्तरांनी विचारलं.

"जर्मनीत, सर."

"मग तिथेच जाऊन शीक की. तिथे फी जवळजवळ घेत नाहीत म्हणतात. विचारायला काय जातं? मी पत्ते मिळवतो, तू पत्र लिही."

मास्तर जर्मन वकिलातीच्या कचेरीत दोन खेपा घालून पत्ते घेऊन आले. वर्ग सुटल्यावर प्रयोगशाळेत बसून दोघांनी पत्र तयार केलं. वेंकोबानं घरी काही सांगितलं नाही, कारण उत्तर येईल असं त्याला वाटलंच नव्हतं. उत्तर आलं, आणि अगदी अगत्याचं आलं. शाळेनंतर कॉलेजचं एक वर्ष पुरं करावं, जर्मन भाषा शिकावी, आणि एखाद्या कारखान्यात निदान सहा महिने स्वतःच्या हातानं काम केल्याचा दाखला जोडावा. मग अर्जाचा विचार करू.

वेंकोबानं ते पत्र घरी वाचून दाखवलं. भाषेचं आणि कॉलेजचं कृष्णस्वामींना पटलं. कारखान्याचं मात्र त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

"हातानें म्हणजे? तूं मजुरासारखा लोखंड घासणार?" ते म्हणाले. "आमचे आजोबा दफ्तरांत लिहीत, वडील लिहीत, मी लिहितों. तुज शाळेंत घातलें तें कशासाठीं?"

"तिकडे सगळ्यांसच करावें लागतें, अप्पा. श्रीमंतांच्या मुलांससुद्धां."

"तिकडचें तिकडे," असं म्हणून कृष्णस्वामी अंघोळीला निघून गेले. हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. चंद्रिका मुलाला हळूच म्हणाली, "आतां गप्प रहा. परीक्षा होऊं दे."

परीक्षा झाली, मार्क चांगले पडले, आणि मे महिन्याच्या उन्हात राजगोपाल मास्तर त्याला बसनं गिंडीला घेऊन गेले. गिंडीची औद्योगिक वसाहत तेव्हा नवी होती. रांगेनं सारख्या शेड, झाडं अजून कमरेएवढी. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी लोखंडी स्टँड बनवून देणारे गजेंद्रराव तिथे एक लहानसा कारखाना चालवत. मूळचे कऱ्हाडचे. त्यांचं तमिळ धेडगुजरी होतं, पण कामगारांना ते बरोबर कळे.

मास्तर इंग्रजीत सगळं समजावून सांगत होते. गजेंद्रराव ऐकत होते, पण चेहरा नकाराचाच होता. शिकाऊ मुलगा ठेवायचा म्हणजे एक माणूस त्याच्यामागे अडकतो, शिवाय हा सहा महिन्यांनी जाणारच. वेंकोबाला ते कळलं. तो उठला आणि स्वतःशीच पुटपुटला, "चला, आतां काय करावें? घरीं काय सांगूं?"

गजेंद्ररावांनी चमकून वर पाहिलं. "अरे! तू मराठी?"

"होय. आम्ही तंजावरचे."

"पुन्हा बोल बघू काहीतरी."

"काय बोलूं? तुम्हीं काम दिलेंत तर मी मन लावून करीन. न दिलेंत तरी मी राग मानणार नाहीं."

गजेंद्रराव मोठ्यानं हसले. "कुमुदिनी!" त्यांनी आतल्या खोलीकडे पाहून हाक मारली. तिथे त्यांची बायको कारखान्याचा पत्रव्यवहार बघत बसायची. "बाहेर ये. बखरीतला माणूस आलाय आपल्याकडे!"

त्या दिवशी कुमुदिनीबाईंनी त्याला नाव, गाव, आईचं नाव, जेवायला काय आवडतं, सगळं विचारलं. मद्रासला येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी अनोळखी पोराच्या तोंडून मराठी ऐकायची वेळ क्वचितच येई. निघताना गजेंद्रराव म्हणाले, "सोमवारपासून ये. मात्र मी कुणाचे लाड करत नाही."

आणि केलेही नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी लोखंडाचा एक ओबडधोबड ठोकळा व्हाइसच्या पकडीत आवळला, वेंकोबाच्या हातात कानस दिली आणि म्हणाले, "हा सहाही बाजूंनी सपाट कर. प्रत्येक कोपरा काटकोनात. तो झाला की लेथ मशिन दाखवीन."

वेंकोबाला वाटलं, दोन दिवसांचं काम. पण कानस पुढे ढकलताना हात वरखाली होई आणि ठोकळ्याची पाठ माशाच्या पाठीसारखी फुगीर होई. एक बाजू साधली की दुसरी तिरकी जाई. गजेंद्रराव येता-जाता त्याचा खांदा धरून त्याला नीट उभं करत. "नुसत्या हातानं नाही रे, सगळ्या अंगानं ढकल. परत आणताना दाबू नकोस." तळव्यांना फोड आले, फुटले, त्यावर पुन्हा आले. दुपारी डबा उघडला तर ताकभात कालवता येईना. कुमुदिनीबाईंनी ते पाहिलं आणि त्याच्यापुढे चमचा ठेवला. दुसऱ्या दिवसापासून त्याचा डबा त्यांच्या खोलीत, त्यांच्याबरोबर बसूनच खायचा असं ठरून गेलं.

घरी आईपासून हात लपले नाहीत.

"अय्यो! हें काय केलेंस रे?"

"काहीं नाहीं अम्मा. होईल सवय."

चंद्रिकेनं खोबरेल तेलात हळद कालवून लावली. नवऱ्याला दिसू नये म्हणून ती मुलाला आधी वाढून मोकळी होई. पण एका संध्याकाळी जर्मनचा धडा लिहिताना वेंकोबाच्या हातून लेखणी निसटली, आणि कृष्णस्वामींनी त्याचा हात उलटा करून पाहिला. तो हात त्यांनी दिव्याखाली धरला. मग म्हणाले, "शनिवारीं मी येतों तुझ्या कारखान्यांत. त्या गृहस्थांस सांगून तुज घेऊन येतों. पुरे झालें."

वेंकोबा आईकडे बघत राहिला. पण तिनं मान खाली घातली.

शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी आटोपून कृष्णस्वामी गिंडीला गेले. नेसायला स्वच्छ वेष्टी, बंद गळ्याचा कोट, कपाळावर गंध. तेलकट जमिनीवर पाय जपून टाकत ते आत आले तेव्हा वेंकोबा कामावर वाकलेला होता. गजेंद्ररावांनी नमस्कार केला, खुर्ची पुसून दिली आणि कॉफी मागवली. कृष्णस्वामी बसले नाहीत. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवून आले होते ते.

ते बोलायच्या आत गजेंद्ररावांनी ठोकळा व्हाइसमधून काढला, त्यांच्या हातात दिला, आणि वर काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या ठेवला. "आलातच आहात तर बघा, साहेब. हा असा खिडकीकडे धरा. गुण्या आणि ठोकळा यांच्यामधून उजेड दिसला तर बाजू वाकडी. दिसला नाही तर सरळ."

कृष्णस्वामींनी चष्मा वर सारला आणि ठोकळा डोळ्यांसमोर धरला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बेरजा तपासलेला माणूस तो. तपासायला दिलेली वस्तू न तपासता परत करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांनी एक बाजू पाहिली. दुसरी पाहिली. तिसरीला थांबले.

"येथें रेघ दिसते," ते म्हणाले.

"कुठे?" गजेंद्ररावांनी वाकून पाहिलं. "खरंच की. केसाएवढी आहे."

"केसाएवढी असली तरी आहे ना." कृष्णस्वामींनी ठोकळा मुलाच्या हातात दिला. "वेंकू, हें पुरें झालें नाहीं. घास."

वेंकोबाला क्षणभर समजलंच नाही. मग त्यानं ठोकळा आवळला आणि कानस उचलली. कृष्णस्वामी कोट काढून खुर्चीवर बसले. कॉफी निवून गेली. मुलगा दर थोड्या वेळानं ठोकळा आणून दाखवी, ते खिडकीकडे धरून बघत आणि परत देत. कामगार घरी गेले तरी हे चालूच होतं. अखेर एकदा त्यांनी सहाही बाजूंना गुण्या लावून पाहिला आणि ठोकळा हळूच टेबलावर ठेवला.

"आतां नाहीं दिसत," ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये बापलेक शेजारी बसले होते. सैदापेठ गेल्यावर कृष्णस्वामी एवढंच म्हणाले, "कठीण काम आहे हें." घरी आल्यावर मात्र चंद्रिकेला त्यांनी सगळं सांगितलं, रेघ कुठे होती ती ठोकळ्याएवढ्या एका डबीवर बोट ठेवून दाखवलीसुद्धा. परत आणायला गेले होते त्याबद्दल तिनं विचारलं नाही. वेंकोबा दाराआड उभा राहून ऐकत होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्यानंतर अर्जाचं सगळं काम कृष्णस्वामींनी आपल्याकडे घेतलं. कॉलेजचं वर्ष चालू होतं. वेंकोबा सुट्टी आणि शनिवार गिंडीला घालवी आणि दोन संध्याकाळी अड्यारला जर्मन शिकायला जाई. तिथे झाडीतल्या एका घरात एक वृद्ध जर्मन बाई राहत. त्या उच्चारांच्या बाबतीत फार कडक होत्या आणि प्रत्येक धड्यानंतर केळं खायला देत. दाखल्यांच्या नकला करणं, त्यांवर मोठ्या अधिकाऱ्याची सही आणणं, पाकिटावरचा पत्ता, हे सारं कृष्णस्वामींच्या मोत्यासारख्या अक्षरात होऊ लागलं. एक शाईचा ठिपका पडला तर ते पान पुन्हा लिहीत.

अर्जाबरोबर स्वतःच्या आयुष्याची हकिकत जर्मनमध्ये लिहून द्यायची होती. वेंकोबा कागद घेऊन बसला. जन्म, शाळा, परीक्षा इतकं लिहिलं आणि संपलंच. मग त्यानं राजगोपाल मास्तरांनी पत्ते कसे आणले ते लिहिलं. गजेंद्ररावांनी जागा दिली, कुमुदिनीबाईंनी रोज जवळ बसवून जेवू घातलं, आईनं तेल लावलं, वडील शनिवारी आले, सगळं लिहिलं. अड्यारच्या बाईंनी ते चष्मा लावून वाचलं. मध्येच थांबून पुन्हा वाचलं.

"फार चांगलं लिहिलं आहेस," त्या म्हणाल्या, "पण इथे हे चालत नाही, बाळ. इथे फक्त तूच असायला हवास. आभार मानायची ही जागा नव्हे."

त्यांनी सांगितलं तसं त्यानं एकेक वाक्य खोडलं. खोडताना त्याला फार वाईट वाटलं. राहिलेला मजकूर जेमतेम अर्धं पान भरला.

एका विद्यापीठानं जागा नाही म्हणून कळवलं. त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही. दुसऱ्यानं मात्र लिहिलं की आधी एक वर्ष तयारीच्या वर्गात बसावं लागेल, ते पार पडलं की प्रवेश पक्का. कृष्णस्वामींनी ते पत्र देवापुढे ठेवलं. प्रवासासाठी त्यांनी फंडातून पैसे काढले आणि त्याबद्दल घरात कुणाला बोलू दिलं नाही.

निघायच्या आठवड्यात वेंकोबा सगळ्यांना नमस्कार करायला गेला. मास्तरांनी पाठीवर थाप मारून विचारलं, "तिथल्या प्रयोगशाळा कशा आहेत ते मला कळवशील ना?" अड्यारच्या बाईंनी हात हातात घेतला आणि नेहमीप्रमाणे केळं दिलं. गिंडीला जाताना त्यानं एक वाक्य पाठ केलं होतं, कुमुदिनीबाई बोलत तसल्या मराठीत. पण गजेंद्ररावांसमोर उभा राहिल्यावर ते आठवेना.

"मामा," तो म्हणाला, "तुम्हीं मज येथें उभें राहूं दिलेंत. नाहींतर मी कोठें गेलों असतों?" आणि त्यानं वाकून पाय धरले.

गजेंद्ररावांनी त्याला उठवलं. त्याचा तळवा उलटा करून त्यावरचे घट्टे चाचपले. कुमुदिनीबाई म्हणाल्या, "पत्र पाठव रे. मराठीत. चुकलं तरी चालेल."

तो १९६२ साली गेला आणि सहा वर्षांनी इंजिनिअर होऊन परत आला. मद्रासच्या उत्तरेला पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात त्याला नोकरी लागली. परदेशातून त्यानं पाठवलेली पत्रं कुमुदिनीबाई जपून ठेवत; अक्षर लहान मुलाचं आणि भाषा आजोबांची, असं त्या हसत सांगत.

पुढच्याच वर्षी गजेंद्ररावांनी कारखाना पुतण्याच्या हवाली केला आणि दोघं कायमची कऱ्हाडला निघाली. सेंट्रल स्टेशनवर त्यांना निरोप द्यायला वेंकोबा आई-वडिलांना घेऊन गेला. चंद्रिका आणि कुमुदिनीबाई पहिल्यांदाच भेटत होत्या. चंद्रिकेनं बरोबर आणलेला चिंचेच्या भाताचा मोठा डबा त्यांच्या हातात दिला.

"पुळियोदरै केली आहे, वाटेंत खा," ती म्हणाली. "तुम्हीं माझ्या लेंकास इतके दिवस जेवूं घातलेंत. मी कधीं येऊन भेटलें नाहीं तुम्हांस."

"अहो, तो तुमच्याच डब्यातलं खायचा. मी नुसती शेजारी बसायचे."

"तेंच तर," चंद्रिका म्हणाली.

गाडी हलली. कृष्णस्वामी हात जोडून उभे होते. शेवटचा डबा दिसेनासा झाला तरी त्यांनी हात खाली घेतले नव्हते, आणि वेंकोबाही घाई न करता त्यांच्याजवळ थांबून राहिला.