मागे न बघता

माझ्या धाकट्या मेव्हणीने आयुष्यात एकही वस्तू कोणाच्या हातात दिली नाही. जे दिले ते फेकून, आणि तेही पाठ फिरवून. स्वयंपाकघरातून ती संत्रे मागच्या मागे ओसरीवर भिरकावी. झेलायला तिथे कोणीतरी असणारच, हे ती धरून चाले. बहुधा मी असे, आणि मोहगावच्या बागवाल्याशी सौदा अगदी तुटायला आलेला असे. एकदा संत्रे माझ्या कपाळावर फुटले. बागवाल्याला इतके हसू आले की मी मोठ्या कष्टाने चढवलेला आवाज फुकट गेला. "झेलाले शिका न, भाऊजी," ती आतून म्हणाली. "तोंड चालते तसे हातही चालू द्या."

पांढुर्ण्याच्या बाजारात संत्र्यांची टोपली घेऊन बसण्यापासून मी सुरुवात केली आणि नुसत्या बोलण्यावर सौंसरला दुकान उभे केले. त्यामुळे घरातले सगळे गुण माझेच, असे मी समजतो. तिने बास्केटबॉलमध्ये नाव काढले, तेही माझ्यामुळेच. आमच्या धंद्यात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतो. लहानपणापासून ती आमच्याकडेच राहिली, तेव्हा ही बोटांची भाषा ती माझ्या दुकानात शिकली आणि नागपूरच्या कॉलेजात तिने ती थेट मैदानावर नेली. हात पाठीमागे न्यायचा, बोटांनी खूण करायची आणि मागे न बघता चेंडू सोडायचा. मागे तिची नागपूरचीच मैत्रीण नलू असे. नलूच्या हातून तो चेंडू कधी सुटला नाही. तेव्हा आमच्या राज्याची राजधानी नागपूरच, म्हणून दोघी राज्याच्या एकाच संघातून खेळल्या. सत्कार झाले, हार पडले. भाऊजींचे नाव कोणी घेतले नाही. ते मी अजून विसरलेलो नाही.

लोधीखेड्याचे एक चांगले स्थळ मी महिनाभर घासाघीस करून जमवत आणले होते. मुलाने पानाचा डबा मागितला. तिने नेहमीच्या पद्धतीने दिला. चुना मुलाच्या कोटावर सांडला आणि नकार मात्र हिनेच दिला. "ज्याले डबा झेलता नाही येत, तो मले काय सांभाळीन?"

मग छप्पन साली राज्ये नव्याने आखली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेले, सौंसर मध्य प्रदेशात राहिले. मला कोणी विचारले नाही. मी त्या बैठकीला असतो, तर दोन-चार डोंगर देऊन नागपूर इकडे उतरवून घेतले असते. मेव्हणी सौंसरच्या सरकारी शाळेत कवायतीची बाई, म्हणून इकडच्या संघात आली, नलू तिकडच्या. पुढे दोन्ही संघांचा सामना नागपुरात ठरला. हिची तिशी जवळ आलेली. निवडणाऱ्यांनी बजावले होते की, जिंकलात तर संघात, नाहीतर कायमच्या शाळेत.

मी अर्थातच गेलो आणि दाराशी भांडून पहिल्या रांगेत बसलो. शेवटच्या घटकेला आम्ही एका गुणाने मागे होतो आणि चेंडू हिच्याच हातात होता. तिचा हात पाठीमागे गेला. बोटे हलली. तिने मागे न बघता चेंडू सोडला.

नलू बरोबर तिथेच उभी होती. तिने तो झेलला. मग छातीशी धरून ती हिच्याकडे बघतच राहिली आणि शिट्टी झाली.

परतीच्या अरुंद रुळांच्या छोट्या गाडीत लोधीखेडा येईपर्यंत मी एकटाच बोलत होतो. "अवं, ती आता तिकडची झाली, हे दिसून नाही राहिलं काय तुले?"

"मी पाहून फेकतो काय कधी, भाऊजी?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "नलूनं पण सोडला नाही न."

तिला संघातून वगळले. ती शाळेत मुलींना रांगेत उभे करते, घरी येते आणि स्वयंपाकघरात पाठ फिरवून संत्री सोलायला बसते. सौदा कितीही रंगात आलेला असो, आतून पाट सरकल्याचा आवाज आला की मी समोरच्याचा भाव निमूट कबूल करतो आणि दोन्ही हात पुढे करून ओसरीच्या मध्यावर जाऊन उभा राहतो. ती अजूनही मागे बघत नाही.