सायलीची पाठ आणि अक्का

देवपुरातल्या अक्का विचारल्याशिवाय कुणाच्या पाठीला हात लावत नसत. समोर पाच वर्षांचं पोर असो की सत्तरीचे नाना, आधी "हात लावू का?" आणि होकार आला की मगच. शिकून फिजिओथेरपिस्ट झालेल्या, पण आम्हा सगळ्यांच्या त्या अक्काच.

माझी सायली तेरा वर्षांची होती. तिच्या कण्याला बाक असल्याचं एक्स-रेत दिसलं. डॉक्टरांनी कण्याला आधार देणारा, अंगावर बांधायचा ब्रेस दिला आणि पाठ दुखते म्हणून अक्कांकडे पाठवलं. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमच्या हातानं सरळ होईल ना?"

अक्का सायलीकडे वळून अहिराणीत म्हणाल्या, "कणा सरळ करानं मन्हा हातमा नही शे, बेटा. दुखनं कमी करसू. ब्रेस सोडानं नही."

प्रश्न माझा, उत्तर तिला! तिथूनच माझं बिनसलं.

घरी सायली मला पाठ दाखवत नसे. कडी लावून कपडे बदलायची. अक्कांसमोर मात्र पालथी पडून शाळेतलं सगळं सांगायची. मुली तिला काय चिडवतात, हे मला पडद्याबाहेर बसून कळलं. एकदा आतून तिचं खळखळून हसणं आलं. असं ती घरी किती दिवसांत हसली नव्हती! पुढचे दोन आठवडे मी तिला नेलंच नाही. कधी क्लास, कधी पाहुणे, काहीही सांगितलं. पोर पाठ धरून बसायची, तरी मी हटले नाही.

शेवटी अक्का स्वतःच घरी आल्या. मी तोडून बोलले, "तिला आईपेक्षा तुम्हीच जवळच्या."

त्या रागावल्या नाहीत. "ताई, तुम्ही तिची पाठ बघून रडता. मग ती तुम्हाला कशी दाखवेल?"

मग त्यांनी सायलीला विचारलं आणि माझा हात तिच्या पाठीवर ठेवला. कुठं किती दाबायचं, श्वास कधी सोडू द्यायचा, सारं शिकवलं.

गेल्या वर्षी अक्का मुलाकडे दीपनगरला राहायला गेल्या. खरं सांगते, मला बरंच वाटलं. सायलीचा बाक आहे तेवढाच आहे, वाढला नाही.

परवा बारावीचा निकाल लागला. मी पेढे घेऊन उभी, आणि सायलीनं पहिला फोन अक्कांना लावला. मी पेढे खाली ठेवले. मग तिनं फोन माझ्या हातात दिला.

"अक्का, भेटायला या ना," मी म्हणाले.

"सायली बोलावतेय का?"

"नाही," मी म्हणाले, "मी बोलावतेय."