साबळे सरांची सरक

साबळे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका रिकाम्या मंगल कार्यालयाला वाकून नमस्कार करत होते. आत ना नवरदेव, ना वऱ्हाडी, ना एखाद्या देवाचा फोटो. त्यांनी दाराशी चपला काढल्या, पाय जुळवले, हात मांड्यांना चिकटवले, कमरेतून वाकले आणि मग कोपऱ्यातला झाडू घेऊन आदल्या दिवशीच्या लग्नाच्या अक्षता लोटायला लागले. मी माझ्या मुलीला, सईला, तायक्वांदोच्या वर्गाला घालायला आले होते. झाडणाऱ्या माणसाला विचारलं, "सर कधी येतील?"

"आलेत की," तो म्हणाला. "एवढ्या अक्षता लोटल्या की सर होतो. लेकरांच्या पायाला टोचतात."

सिडकोतलं ते कार्यालय लग्न नसेल त्या दिवशी वर्गासाठी मिळायचं. लग्नसराईत आमची रवानगी गच्चीवर व्हायची आणि खालच्या बँडच्या तालावर लाथा हवेत उडायच्या. सर मूळचे पिशोरचे. घरी शेती भावाकडे, आणि हे वाळूजला दुचाकीचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासणी खात्यात. दिवसभर लोखंडाचे तुकडे मापायचे आणि संध्याकाळी आमची पोरं. अंगाने किरकोळ, मिशी मात्र दुप्पट माणसाला शोभेल अशी. पांढरा गणवेश घातला की ते एकदम उंच दिसायचे. हे कसं व्हायचं ते मला आजवर समजलेलं नाही.

पहिल्याच आठवड्यात माझं त्यांच्याशी वाजलं. सईचा पट्टा सुटला होता. सर म्हणाले, "तिकडं तोंड कर." ती बिचारी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. माझ्या मुलीला वर्गासमोर शिक्षा? वर्ग सुटल्यावर मी तावातावाने गेले. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"शिक्षा नाय मॅडम. कोरियन लोकांची रीत हाय. सुटलेला पट्टा, विस्कटलेले कपडे मोठ्यांसमोर नीट करायचे नसतात. पाठ फिरवायची, नीटनेटकं व्हायचं, मग तोंड दाखवायचं. मान द्यायची पद्धत हाय ती."

"पाठ फिरवून मान?"

"व्हय. मलाबी पहिल्यांदा उलटंच वाटलं होतं."

सई दोन वर्षांनी तायक्वांदो सोडून नृत्याकडे वळली. मी मात्र तिथेच राहिले. झालं असं, की ती शिकत असताना मी रोज प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघायचे. एक दिवस सर म्हणाले, "बसून बसून गुडघे धरतील मॅडम. उभ्या राहा." मी उभी राहिले. घरी सासूबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "कुलकर्ण्यांच्या घरात आता लाथा कुणाला मारायच्यात?" नवऱ्याने त्या दिवसापासून स्वतःचा चहा स्वतः करून घ्यायला सुरुवात केली, आणि ही तायक्वांदोची कमाई मी आजही मोठी मानते.

सरांकडे पास होणं महाकर्मकठीण. शहरात तोवर गल्लोगल्ली वर्ग निघाले होते आणि पोरं वर्ष-दीड वर्षात काळा पट्टा कमरेला लावून फोटो काढत होती. आमच्याकडे त्याच काळात पोरगं हिरव्या पट्ट्यावर घुटमळत असायचं. आईवडील भांडायला यायचे. सरांचं उत्तर ठरलेलं: "पट्टा कंबरेला असतो, डोक्याला नाय. घाई कुठं जायची?" कुणी फारच मागे लागलं तर म्हणायचे, "माल पास करायचं काम तपासणीवाल्याचं. गिऱ्हाईकाचं नाय." पोराला त्याच्याच देखत माल म्हटल्यावर काही पालक रागावून निघून जायचे. सर त्यांना दारापर्यंत सोडायला जायचे आणि वाकून निरोप द्यायचे.

त्यांचा सगळ्यात जास्त जीव पूमसेवर. पूमसे म्हणजे समोर शत्रू आहे असं धरून एकट्याने करायच्या वारांची आणि बचावांची ठरलेली मालिका. प्रत्येक पट्ट्याची पूमसे वेगळी, पण नियम एकच. जिथून सुरू केलं तिथेच येऊन संपलं पाहिजे. सरांच्या खिशात कायम खडू असायचा. ते फरशीवर फुली काढायचे, तिच्यावर विद्यार्थी उभा करायचे आणि शेवटी खाली वाकून पाय फुलीवर आलेत का ते बघायचे. कंपनीत सुटा भाग डोळ्यासमोर धरून बघतात, अगदी तसेच एक डोळा मिटून.

लाल पट्ट्याच्या एका पूमसेत मात्र एक गंमत होती. ती कितीही नीट केली तरी माणूस फुलीच्या वीतभर पुढे संपायचा. म्हणून शेवटच्या वाराबरोबर पाय हलकेच मागे ओढून घ्यायचा. सरांना त्यांच्या गुरूंनी असंच शिकवलं होतं, सरांनी आम्हाला शिकवलं. त्याला आम्ही 'सरक' म्हणायचो. सरक झोकात जमली की पोरगं मोठं झालं असं आम्ही समजायचो.

इरफान हा सरांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी. रोशन गेटजवळ त्याच्या वडिलांचं गॅरेज. हाताला ग्रीस, आणि पायात अशी सफाई की तो उभा राहिला तरी बघत बसावं. रांगेत पुढचा उजवा कोपरा सगळ्यात ज्येष्ठ विद्यार्थ्याचा असतो. ती जागा त्याची. काळ्या पट्ट्याच्या परीक्षेत त्याने ती पूमसे केली आणि सरक न घेता बरोब्बर फुलीवर येऊन उभा राहिला.

"सरक कुठंय?" सरांनी विचारलं.

"जरूरतच नहीं पडी सर. बीच में पाँव छोटा लिया तो सीधा आता."

"शिकवलंय तसं कर. पुन्हा."

त्याने पुन्हा केली. पुन्हा तशीच, पुन्हा फुलीवर. सरांचा चेहरा पडला होता, पण आवाज तसाच होता. "नापास," ते म्हणाले. इरफानने वाकून नमस्कार केला, चपला घातल्या आणि गेला. तो परत आला नाही. पुढे त्याने शेजारच्या जिल्ह्यातून काळा पट्टा घेतला आणि रोशन गेटला स्वतःचा वर्ग काढल्याचं कानावर आलं. आमच्याकडचा पुढचा उजवा कोपरा सरांनी रिकामाच ठेवला. नवीन पोरगं चुकून तिथे उभं राहिलं की म्हणायचे, "जरा डावीकडं सरक बाळा." का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

मग काही वर्षांनी सर पुण्याला एका शिबिराला गेले. कोरियाहून एक वयस्कर प्रशिक्षक आले होते. सरांनी त्यांच्यासमोर ती पूमसे केली, सरक घेतली. म्हाताऱ्याने दुभाष्यामार्फत विचारलं, "शेवटी पाय का ओढला?"

"जागेवर यायला," सर म्हणाले.

"मग जागा चुकलीच का?"

त्यांनी सरांना मधलं एक पाऊल आखूड घ्यायला लावलं. सर सरक न घेता फुलीवर आले. नंतर उलगडा झाला तो असा, की सरांचे गुरू ही पूमसे एका पुस्तकाच्या झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून शिकले होते. फोटोत हात दिसायचे, पाय काळ्या डागात बुडालेले. लांब पाऊल की आखूड, हे त्यांनी अंदाजाने ठरवलं, आणि अंदाज चुकल्याने येणारं वीतभर अंतर मिटवायला सरक आली. आमच्या भागातल्या पोरांच्या पिढ्या ती चूक अभिमानाने मिरवत होत्या.

ओळखीच्या एका प्रशिक्षकाने सरांना फोनवर सल्ला दिला, "गुपचूप बदलून टाका. कुणाला कळतंय?" सरांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्या पालकांना बोलावलं आणि उभं राहून सांगितलं, "माझ्याकडून चुकीचं शिकवलं गेलंय. कंपनीत लॉट खराब निघाला तर आम्ही परत मागवतो, गिऱ्हाईकाला सांगून. मी जुन्या सगळ्या काळ्या पट्टेवाल्यांना भेटून दुरुस्त करणार हाय."

एक वडील म्हणाले, "म्हणजे आमच्या मुलाची एवढी वर्षं वाया?"

"वाया नाय. एक पाऊल आखूड," सर म्हणाले.

ते खरं होतं, पण लोकांना ते पुरलं नाही. महिनाभरात वर्ग निम्म्यावर आला. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना 'घाई नको' म्हणून अडवलं, त्याच्याकडे आता लोक बोट दाखवत होते. मला त्या दिवसांत फार वाईट वाटायचं. सर मात्र अक्षता लोटत होते.

रविवार माझा मोकळा आणि गाडीही माझी, म्हणून दुरुस्तीच्या फेऱ्यांना मी सारथी झाले. देवगाव रंगारीला सुनीता दिली होती, आमच्या वर्गातली पहिली काळा पट्टेवाली मुलगी. ओसरीवर कापसाचा ढीग, दारात सासूबाई. सुनीताने पदर खोचला आणि अंगणात पूमसे केली. वाटेत कोंबड्या आल्या त्या हाकलल्या, मधलं पाऊल आखूड घेतलं आणि फुलीवर आली. आपण फुलीवर आलोय हे बघून ती लहान मुलीसारखी हसली.

सासूबाईंनी सरांना विचारलं, "एवढ्यासाठी शहरातून आले?"

"व्हय. चुकीचं देऊन बसलो होतो."

"आमच्याकडं चुकीचं देणारा पुन्हा फिरकत नाय," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

फर्दापूरला एक जण हॉटेलात कामाला होता. त्याने गाड्या लावायच्या जागेत, वेटरच्या कपड्यांत पूमसे केली आणि अजिंठा बघायला आलेल्या पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. एकाने फोनवरच टाळलं, "सर, आता कोण बघतंय?" सर म्हणाले, "मी बघतोय ना." पुढच्या रविवारी तो आपण होऊन आला.

यादीतले सगळे झाले. राहिला इरफान. प्रत्येक रविवारी मी विचारायचे आणि सर म्हणायचे, "तिकडचा रस्ता लई लांब हाय मॅडम." सिडकोहून रोशन गेट, एकाच शहरात, ते किती लांब! शेवटी एका संध्याकाळी ते स्वतःच गाडीत येऊन बसले. इस्त्री केलेला शर्ट, खिशात खडू.

इरफानचा वर्ग एका तळघरात होता. आत गच्च पोरं, भिंतीला टेकून आया बसलेल्या. सरांनी दाराशी चपला काढल्या आणि त्या तळघराला वाकून नमस्कार केला. समोर पोरं तीच पूमसे करत होती. शेवटचा वार झाला आणि सगळ्यांचे पाय एकदम मागे ओढले गेले. सरक. अगदी आमच्यासारखी, झोकात.

सरांनी दाराची चौकट धरली. इरफानने वळून पाहिलं आणि तो जागीच थांबला. त्याच्या दाढीत एक-दोन पांढरे केस आले होते.

"तू तर त्या दिवशी सरक न घेता केली होतीस," सर म्हणाले. "मग लेकरांना हे का शिकवतो?"

"आप जैसा सिखाए वैसाच सिखारा मैं," इरफान म्हणाला. "आप फेल किए तो समझा, मैंच गलत."

सर आत गेले. सगळ्या पोरांच्या, सगळ्या आयांच्या समोर, जरा मोठ्याने बोलले. "तू बरोबर होतास इरफान. चुकलो मी. पाऊल आखूडच हाय. तुला नापास करायला नको होतं."

इरफानने सरांकडे एकदा पाहिलं आणि त्यांच्याकडे पाठ फिरवली.

शेजारची बाई पुटपुटली, "तौबा, बुजुर्ग आदमी को पीठ दिखाया." सर एवढ्या वर्षांनी आले, भर वर्गात चूक कबूल केली, आणि हा असा वागला? सर मात्र पाय जुळवून ताठ उभे होते. मग मला इरफानची कोपरं हलताना दिसली. तो पट्टा सोडत होता. त्याने तो नव्याने कमरेभोवती घेतला, गाठ मारली, दोन्ही टोकं ओढून सारखी केली, गणवेशाची सुरकुती झाडली. मग वळला, पाय जुळवले आणि सरांपुढे वाकला तो बराच वेळ वर आलाच नाही. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"सर," तो म्हणाला, "मेरी परीक्षा लेव."

सरांनी खिशातून खडू काढला. गुडघ्यावर बसून तळघराच्या फरशीवर फुली काढली. पोरं भिंतीला सरकून बसली. इरफान फुलीवर उभा राहिला आणि त्याने ती पूमसे केली. मधलं पाऊल आखूड घेतलं, वळला, शेवटचा वार केला आणि थांबला. पाय ओढला नाही.

सर खाली वाकले. एक डोळा मिटून त्यांनी आधी एक पाय पाहिला, मग दुसरा. उठायला त्यांना इरफाननेच हात दिला.

"पास," साबळे सर म्हणाले. "मागच्या तारखेपासून. रविवारी लवकर ये, तुझ्या कोपऱ्यातल्या अक्षता लोटायच्यात."