द्वादशीची भरती

आमच्या पिढीत तुळशीराम मास्तरांची छडी खाल्ली नाही असा माणूस गावात शोधून सापडायचा नाही. आणि ते उत्तर आलं नाही म्हणून मारत नसत, उत्तर दिलं म्हणून मारत. फळ्यावर लिहायचे, ‘एका टाकीत तासाला चाळीस हंडे पाणी पडते. टाकी किती तासांत भरेल?’ एखादं शहाणं पोर काहीतरी खरडून हात वर करायचं, की सटकन छडी बसायची. “टाकी केवढी ते दिलंय का? नाही ना? मग उत्तर आणलंस कुठून?”

गणित सोडवायच्या आधी पाटीच्या डोक्यावर ‘पुरे’ किंवा ‘अपुरे’ लिहायचं, हा त्यांचा नियम. पनवेलहून तपासनीस यायचे ते हसायचे. मला नाही हसू येत. मी जनी, काळूरामची मुलगी. हा नियम ज्या दिवशी जन्मला, त्या दिवशी माझ्या बापाच्या हाताला रक्त लागलं होतं.

आमचं गाव पनवेलच्या खाडीकाठी. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये एक मातीचा बांध, एवढाच काय तो आमच्या जगण्याचा आधार. बांध फुटला की खारं पाणी शेतात, आणि मग तीन वर्षं तिथे गवताशिवाय काही येत नाही. एक्कावन्न सालच्या आश्विनात, भात पोटरीला आलेलं असताना, तो फुटला. शुद्ध द्वादशी होती. सकाळची भरती काठोकाठ भरली आणि त्याच क्षणी दहा हात बांध आत कोसळला. भामाकाकी शेजारच्या शेतात होती, तिने तो धड असलेला पाहिला आणि फुटलेलाही पाहिला. पण उभ्या भातातून तिला बांधावर कोण होतं ते दिसलं नाही, आणि वेळही सांगता येईना. तिच्याकडे कुठलं आलंय घड्याळ?

दुपारपर्यंत गावाला गुन्हेगार सापडला होता. धर्मराज, पलीकडच्या कोळीवाड्यातला. बांध फुटला की मासळी शेतात शिरते आणि जाळं लावणाऱ्याची चंगळ होते, म्हणून संशय आधी कोळ्यांवरच. त्यात माझ्या बापाने त्याला बांधावर पाहिलेला. नऊची एसटी भोंगा वाजवत रस्त्याने गेली, तेव्हा धर्मराज फावडं घेऊन तिथे उभा होता. खेकड्यांची बिळं बुजवत होतो, असं तो म्हणाला. दहाच्या आत तो पनवेलच्या बाजारात मासळीची पाटी मांडून बसला होता, हे बाजारातल्या पन्नास जणांनी सांगितलं. त्याला तिथूनच ओढत आणलं. येईपर्यंत त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता.

आता सगळं एकाच गोष्टीवर येऊन थांबलं. त्या दिवशी भरती भरली कधी? नऊला भरली असेल तर हा बांधावर होता. दहाला भरली असेल तर हा बाजारात होता.

“मास्तरला इचारा,” कोणीतरी ओरडलं.

तुळशीराम मास्तर तेव्हा सव्वीस वर्षांचे. उरणच्या समुद्राकाठी वाढलेले, गावात येऊन जेमतेम चार महिने झालेले. पत्र वाचायचं, जमीन मोजायची, तिथी सांगायची, तर गाव त्यांच्याकडेच धावायचं, आणि त्यांना ते आवडायचं. उरणला त्यांच्या मामाने शिकवलं होतं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. एवढ्या माणसांसमोर त्यांनी बोटांवर मोजलंसुद्धा नाही.

“द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. भरती नऊला.”

“नाय वो मास्तर,” धर्मराज म्हणाला, “मी निंगालो तवा पानी भरला नव्हता—”

पुढचं कोणी ऐकलं नाही. रोज त्या पाण्यात उभी राहणारी माणसं होती ती! एकानेही स्वतःच्या डोळ्यांना विचारलं नाही. चौघांनी त्याला पालथा पाडला, उजवा हात उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, फळीवर ताणून धरला. बांधाची माती ठोकायची धुमस तिथेच पडलेली होती. ती माझ्या बापाने उचलली. तीनदा मारली. पहिल्या घावाला धर्मराज किंचाळला, दुसऱ्याला त्याचा आवाज गेला, तिसरा निव्वळ माज होता. पोलीस आले तेव्हा गावाने एका तोंडाने सांगितलं, काम करताना धुमस निसटली. हात मनगटापासून गेला.

मास्तरांना त्या रात्रीपासून झोप लागेना. पंधरा दिवसांनी वद्य द्वादशी आली. ते सकाळी घड्याळ घेऊन बांधावर जाऊन उभे राहिले. नऊ वाजले. पाणी भरतीच्या खुणेच्या हातभर खाली होतं आणि चढतच होतं. साडेनऊ झाले, तरी चढत होतं. भरती भरली तेव्हा घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मामाचा हिशेब खोटा नव्हता. तो उरणच्या किनाऱ्याचा होता. तेच पाणी खाडीतून वळणं घेत आमच्या बांधापर्यंत यायला तासभर जास्त घेतं. कुठली भरती, हे गणितात दिलेलं नव्हतं, आणि मास्तरांनी विचारलं नव्हतं.

दुसरा कोणी असता तर बदली मागून चालता झाला असता. हे त्याच दिवशी चावडीवर उभे राहिले आणि म्हणाले, “माझं उत्तर चुकलं. धर्मराज निर्दोष होता.” गावाला हे सोसलं नाही. त्यांचं उत्तर चुकलं, म्हणजे गावाने एका निरपराध माणसाचा हात ठेचला होता. लाथा बसल्या, दगड बसले. पुढचे तीन दात गेले आणि डावा कान कायमचा बहिरा झाला. पहिली लाथ माझ्याच बापाची. कण्हत कण्हत ते एकच शब्द बोलत होते, “अपुरी, माहिती अपुरी.”

उठता यायला लागल्यावर ते कोळीवाड्यात गेले. धर्मराज दारात बसून डाव्या हाताने जाळं विणायला शिकत होता. मास्तर त्याच्या पाया पडले. तो एवढंच म्हणाला, “तुमी सगल्यांना इचारलात. मना इचारला असता, तर मी सांगला असता.”

मी चौथीत गेले ते सत्तावन्न साल. माझ्या शेजारी बसायची वेणू, धर्मराजची मुलगी. पहिल्याच दिवशी मास्तरांनी फळ्यावर गणित लिहिलं, ‘द्वादशीला एक माणूस नऊ वाजता बांधावर दिसला. भरती भरली तेव्हा बांध फुटला. तो माणूस तेव्हा कुठे होता?’ दर वर्षी पहिलं गणित हेच असायचं, हे मला माहीत नव्हतं. मी झटकन हात वर केला. “बांधावर!” माझ्या घरात या गणिताचं तेवढंच उत्तर होतं.

मास्तर छडी उगारून आले. पण त्यांनी आधी वेणूची पाटी पाहिली. डोक्यावर लिहिलं होतं, ‘अपुरे’.

“काय हवंय अजून?” त्यांनी विचारलं.

“माज्या बापाला इचाराया पायजे,” वेणू म्हणाली. “त्याला म्हाईत हाय.”

मास्तरांची छडी खाली आली, ती माझ्या हातावर नव्हे, टेबलावर. ते खुर्चीत बसले आणि सगळ्या वर्गासमोर रडले.

घरी येऊन मी बापाला विचारलं, “बा, तुमी धर्मराजला इचारला होता का, पानी कवा भरला?” एक थोबाडीत बसली, ओठ फुटला. मला धर्मराजचा हात दिसत होता, म्हणून मी पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा उचललेला हात तसाच राहिला.

“त्याला कशाला इचारू?” बाप म्हणाला. “चाळीस वरसां या बांधावर हाय मी. द्वादशीला पानी दहाला भरतंय, ते मना म्हाईत नव्हता व्हय?”