आवरायला वेळ देणारा दिगू

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी गुडगावच्या नव्या ऑफिसात कॉफीच्या मशीनशी भांडत होतो. मयूर विहारहून वहिनी बोलत होत्या. "भावजी, हे गेले... सकाळी, चहा घेता घेता." त्याला आता महिना झाला.

दिगू आमच्या नोएडाच्या वाहतूक कंपनीत सर्व्हर सांभाळायचा. पडद्यावर न दिसता मागे अहोरात्र राबणारे प्रोग्राम हे त्याचं गणगोत. साहेबाला अरे-तुरे करणारा हा माणूस प्रोग्रामना अहो-जाहो करायचा. ट्रकांच्या नोंदी ठेवणारा एक प्रोग्राम सहा वर्षं अखंड चालला. तेवढ्यात समोरच्या शेतात तीन मॉल उगवले आणि त्यातला एक बंदही पडला. मॉल मी फुगवले असतील, सहा वर्षं खरी. प्रोग्राम थांबवायचा झाला तर दिगू आधी त्याला निरोप धाडायचा: नवं काम घेऊ नका, हातातलं पुरं करा, नोंदी जागेवर ठेवा. मग खुर्ची ओढून समोर बसायचा. एकदा इतका वेळ बसला की तेवढ्यात मला बढती मिळाली. घाई केली तर म्हणायचा, "आवरतायत ते. मान धरून बाहेर काढायला चोर आहेत का?"

पुढे कंपनी नव्या मालकांकडे गेली. काढायच्या माणसांची यादी मला तीन दिवस आधी दाखवली, तोंड बंद ठेवायला सांगून. दिगूचं नाव पहिलं. त्या तीन दिवसांत आम्ही रोज एकत्र जेवलो, त्याच्या डब्यातली भरली वांगी मीच संपवली, आणि तोंडातून शब्द काढला नाही. गुरुवारी त्याच्या कार्डानं दार उघडेना. गार्डनं त्याचं सामान एका खोक्यात आणून दिलं.

त्याच दुपारी नव्या पोरांनी ट्रकांच्या नोंदींचा तो प्रोग्राम चालायचा त्या मशीनची वायर सरळ उपसली. नोंदी अर्ध्यावर तुटल्या, आणि पानिपतपर्यंत ट्रकांची रांग लागली. दिगूला फोन मीच केला. आला बिचारा स्कूटरवरून, पण गार्ड आत सोडेना. "सर, ऑर्डर नहीं है।" शेवटी गार्डच्या केबिनमधून, इंटरकॉमवर, दोन तास तो एकेक अक्षर सांगत गेला आणि वर बसून मी टाइप करत गेलो. सगळं सुरळीत झाल्यावर त्यानं विचारलं, "त्यांना थांबायला सांगितलं होतं कुणी?"

"नाही."

"सांगितलं असतं तर नीट आवरलं असतं रे त्यांनी." मग म्हणाला, "माझं तुला कधी कळलं?"

आयुष्यभर थापा मारल्या, पण इतकी छोटी कधी मारली नव्हती. "आज सकाळीच."

"अच्छा," म्हणाला, आणि फोन ठेवला. त्यानंतर ऑफिस गुडगावला हललं, आणि आठ महिने मी यमुना ओलांडून मयूर विहारला त्याच्याकडे गेलो नाही. रविवारी पाहुणे, सोमवारी मीटिंग. कारणांचा माझ्याकडे कारखानाच.

परवा गेलो. बाल्कनीत त्याची खुर्ची होती, सोसायटीच्या फाटकाकडे तोंड केलेली. वहिनी म्हणाल्या, "यांना यादीची कुणकुण मंगळवारीच लागली होती, भावजी. म्हणाले, तो सांगेल मला. मग नंतरही दर रविवारी इथं बसायचे. मी म्हणायची, नाही येत ते आता. तर म्हणायचे, येईल गं... आवरतोय तो."

वहिनींनी बसा म्हटलं. मी उभाच राहिलो.