फ्यूजच्या जागी तार

फोन आला तेव्हा मी सराव परीक्षेचे पेपर तपासत होतो. "सर, आमचे हे गेले हो... चारला माती हाय," एवढंच महानंदावहिनी बोलल्या. या गोष्टीला आता दीड महिना झाला. बसूअण्णांवर लिहायला मी योग्य माणूस नाही, पण दुसरं कोणी लिहिणारही नाही.

उदगीरला देगलूर रस्त्यावर अण्णांचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. शाळेचा स्पीकर जळाला म्हणून पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो आणि मग जातच राहिलो. एकदा भलामोठा सबवूफर उलटा करून ते म्हणाले, "ह्याच्या पोटात दोन कॉइल हायेत, सर. चार-चार ओहमच्या. एकामागं एक जोडल्या की आठ, समांतर जोडल्या की दोन. ओहम कमी केला की आवाज वाढतो, म्हणून लोकं तेच करतेत. पण ॲम्प्लिफायर लई करंट ओढतो. त्याला झेपंल तेवढंच द्यावं." मी फळ्यावर वर्षानुवर्षं जे शिकवत होतो, ते या सातवी शिकलेल्या माणसाच्या बोटांत होतं. बॅटरीपासून हातभर अंतरात फ्यूज नसेल तर गाडी दुकानासमोरून हलू देत नसत. गिऱ्हाईक चिडायचं, अण्णा हलायचे नाहीत.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या दुष्काळातली गोष्ट. लग्नं चार माणसांत उरकली जात होती आणि अण्णांचं दुकान रिकामं पडलं होतं. त्यातच उदगीर जिल्हा होणार अशी बातमी उठली. मिरवणूक ठरली, मी समितीत होतो. अण्णांना काम मिळावं म्हणून पिकअपवरच्या दोन सबवूफरची जोडणी मीच त्यांना दिली. प्रत्येकाच्या दोन कॉइल मागोमाग, मग दोन्ही स्पीकर समांतर, असे चार ओहम त्यांनी बसवले. "ह्याच्या खाली न्हेऊ नको, ॲम्प्लिफायर चारचाच हाय," असं गाडीवाल्याला दोनदा बजावलं.

चौकात गर्दी इतकी झाली की आवाज तिच्यात बुडून गेला. अण्णा पाणी प्यायला गेले होते. मी गाडीवाल्याला म्हटलं, "काहीच ऐकू येत नाही, वाढव की जरा." त्यानं चारही कॉइल समांतर जोडल्या. एक ओहम... मला तोंडपाठ होतं. आवाज दणाणला आणि फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. मग त्यानं तांब्याची तार सोलली आणि फ्यूजच्या जागी पिळून बसवली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मी म्हणालो, "लवकर कर, लोक थांबलेत."

दहा मिनिटांत बॅटरीच्या केबलनं पेट घेतला. गाडीत मागं बसलेले दोन हलगीवाले धुरात अडकले होते. अण्णा गर्दी फोडत आले, गाडीवर चढले आणि तापून लाल झालेली केबल नुसत्या हातांनी ओढून तोडली. हलगीवाले वाचले. अण्णांचे तळहात केबलला चिकटून राहिले होते.

बोटं वाकडी झाली ती झालीच. सोल्डरिंगची कांडी धरता येईना, टँकरवर घागरही उचलता येईना. दुकान गेलं. जिल्हा झालाच नाही. मी दर रविवारी जायचो. दोन वर्षांनी धीर करून म्हणालो, "अण्णा, ती तार लावताना मी बघत होतो."

ते म्हणाले, "ठाऊक हाय. गाडीवाल्यानं तवाच सांगितलं... त्याला कळत नव्हतं, सर. तुमाला कळत होतं."

आवाजात राग असता तर पाय तरी धरता आले असते. त्यांनी चहा सांगितला. पुढं मी जात राहिलो, पण स्पीकरचा विषय त्यांनी माझ्याजवळ पुन्हा कधी काढला नाही.

परवा गेलो होतो. फोटोपुढं विजेचा लहानसा दिवा लावलेला. वहिनी बाजाराला निघाल्या होत्या. उंबऱ्याशी थबकल्या, मागं वळल्या आणि त्या दिव्याचा प्लग काढून ठेवला. "घरात कुणी नसताना चालू ठिऊ देत नव्हते," म्हणाल्या आणि दाराला कडी घातली. आत ते अंधारात राहिले... आणि मी बाहेर, उन्हात.