अर्धं दुपटं

दुष्काळाच्या वर्षी मी पुण्यात डी.एड. करत होते. सुट्टी संपवून कळंबहून पुण्याच्या एस.टी.त बसले, तेव्हा मांडीवर एक पांढरा रुमाल होता. त्यावर सहा प्रकारचे टाके घालून दुसऱ्या दिवशी शिवणाच्या बाईंना द्यायचा होता. महिनाभरात मी घरी घातला होता फक्त धावदोरा. बाकीचं गाडीत उरकू म्हटलं. आळशी माणसाला प्रवासाचा फार भरवसा असतो.

येरमाळ्याला एक बाई चढली, माझ्या शेजारी बसली आणि गाठोड्यातून तान्ह्या बाळाचं दुपटं काढून शिवायला लागली. जुन्या लुगड्यांचे थर, वर रंगीत ठिगळं. गावात प्यायला पाणी नाही, म्हणून लेकीला बाळंतपणाला माहेरी आणता आलं नव्हतं. ती पुण्यात सासरीच बाळंत झाली होती आणि आज संध्याकाळी बारसं होतं.

"दिसभर खडी फोडायची, कवा शिवू?" ती म्हणाली. "पर गाडी पोचंस्तवर हुतंय. इहीणबाईच्या दारात हात हलवत कसं जायाचं?"

मी साखळी टाक्याशी झटत होते. दर धक्क्याला सुई भलतीकडं जायची. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाले, "मावशी, हे उद्या दिलं नाही तर मला काढून टाकतील." ही शुद्ध थाप होती. फार तर बाई रागावल्या असत्या.

तिनं दोन्ही हात पदराला पुसले आणि माझा रुमाल घेतला. तळव्यांना भेगा होत्या, अंगठ्याला चिंधी बांधलेली. माझ्याजवळ मैत्रिणीचा नमुना होता. त्यातला एकेक टाका ती निरखून बघायची आणि तसाच घालायची.

"तू तवर माझं धर," दुपटं पुढं करत ती म्हणाली. "नुस्ता सरळ दोरा घालायचाय."

सरळ धावदोरा. मला येणारा तेवढा एकच टाका. पण बार्शीला चढलेल्या दोन कॉलेजच्या मुली समोरच बसल्या होत्या. त्यांच्यादेखत मांडीवर जुनी ठिगळं घ्यायची मला लाज वाटली.

"मला गोधडीचं जमत नाही," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे. तुझं झालं की करते मी."

इंदापूर गेलं तरी तिची मान वर झाली नाही. मी खिडकीतून बाहेर बघत शेंगा खाल्ल्या. एक झोपही काढली. हडपसर आलं तेव्हा तिनं दातानं दोरा तोडला, रुमाल माझ्या हातात दिला आणि घाईनं दुपटं उलगडलं. वीतभर शिवून होतंय तोवर स्वारगेट आलं.

जावई आणि विहीण न्यायला आले होते. शिवलेली बाजू वर येईल अशी तिनं दुपट्याची घडी घातली होती, पण विहिणीनं ती तिथंच उलगडली. आत सुई तशीच खोचलेली.

"अर्धंच आणलंत?"

"व्हय. गाडीत हात चालला न्हाय," ती म्हणाली. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मी पिशवी उचलली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी रुमाल उलटा करून सगळ्या वर्गाला दाखवला. मागं एकही गाठ दिसत नव्हती. माझं फार कौतुक झालं आणि मी ते करून घेतलं.

पुढं शिक्षिका झाले. शिवणाच्या तासाला तोच रुमाल नमुना म्हणून नेत राहिले, वर्षानुवर्षं. एकदा एका मुलीनं तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"बाई, सगळं तुम्हीच भरलंय?"

"हो."

"मग हा धावदोराच एवढा वाकडा कसा?"

"तेवढा गाडीत घातला होता," मी म्हणाले. "हात चालला नाही."

त्या मावशीची सबबसुद्धा मी सोडली नाही.